अमेरिकेतली १२० व्होल्टची उपकरणं पुण्यात: काय आणावं, काय तिथेच सोडावं?

एडिसनकर

मे महिन्यात न्यू जर्सीहून पुण्याला कायमचं परतायचं आहे. सामान जहाजाने येणार असल्याने वजनाची फारशी अडचण नाही. घरात पुढच्या वस्तू आहेत: ३२५ वॅटचा स्टँड मिक्सर, १२ अँपिअरचा मोठा ब्लेंडर, १००० वॅटचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर, मायक्रोवेव्ह, टोस्टर, ५५ इंची टीव्ही, रेकॉर्ड प्लेअर, कॉर्डलेस फोनचा संच, बेबी मॉनिटर, झेड-वेव्ह या रेडिओ पद्धतीवर चालणारे स्मार्ट स्विच आणि त्यांचा हब, दोन लॅपटॉप, तीन मोबाइल, चार-पाच सर्ज प्रोटेक्टर पट्ट्या. स्वयंपाकघरातल्या सगळ्या वस्तूंवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं छापलेलं आहे.

५००० वॅटचा एकच ट्रान्सफॉर्मर घेऊन स्वयंपाकघरात १२० व्होल्टची वेगळी लाइन ओढून घ्यावी असा विचार आहे. हे बरोबर ठरेल का? नाहीतर यातलं काय आणण्यासारखं आहे? जाणकारांनी कृपया सांगावं.

वाइंडिंग

ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज बदलतो. ६० हर्ट्झचं उपकरण त्यावर लावलं तरी त्याला ५० हर्ट्झच मिळतात. त्यामुळे यादीतल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात काय आहे ते आधी बघायला हवं.

लॅपटॉप, मोबाइल, कॅमेरा यांच्या अडॉप्टरवर इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. त्यांना ट्रान्सफॉर्मर लावायचाच नाही. फक्त वायर बदला. लॅपटॉपच्या अडॉप्टरला भिंतीकडून येणारी वायर सुटी निघते. तीन पाकळ्यांची किंवा आठच्या आकाराची, तुमच्याकडे जी असेल ती, भारतीय गोल पिनांची कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते. चपट्या पिना युनिव्हर्सल सॉकेटमध्ये जातात खऱ्या, पण पकड सैल राहते, ठिणग्या पडतात आणि काही महिन्यांत सॉकेट काळं पडतं.

सर्ज प्रोटेक्टर पट्ट्या मात्र एकही आणू नका. हे ठळकपणे सांगतो, कारण परतलेल्या घरांमध्ये पहिल्याच दिवशी धूर निघतो तो याच्यातून. लॅपटॉप २४० व्होल्टला चालतो म्हणून लोक आख्खी पट्टी भिंतीत लावतात. तिच्या आत फेज आणि न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर नावाची चकती असते. अमेरिकन पट्टीतली चकती साधारण १३० ते १५० व्होल्टसाठी निवडलेली असते. त्यावरचं व्होल्टेज ती जादा समजून स्वतःमधून वाहू देते. २३० व्होल्टवर ती सतत वाहू देणार, तापणार आणि फुटणार. पट्टीला काही जोडलेलं नसलं तरीही.

आता हीटर. हीटरचा वॅटेज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२०च्या जागी २३० दिले की ३.६७ पट. म्हणजे ९०० वॅटचा टोस्टर चुकून थेट भिंतीत लावला तर तो ३३०० वॅट, म्हणजे १४ अँपिअरच्या आसपास ओढेल. १६ अँपिअरचा एमसीबी त्याला पडत नाही. तार लालभडक होऊन तुटेपर्यंत टोस्टर चालूच राहतो. टोस्टरसाठी ट्रान्सफॉर्मर वापरणंही व्यर्थ आहे, तो इथे नवा घ्या. प्रेशर कुकर तुम्हाला फार सोयीचा वाटत असेल तर आणा. त्यातला हीटर आणि कंट्रोल बोर्ड दोन्ही ५० हर्ट्झवर ठीक चालतात. त्याला १५०० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता यात मोजतात) ट्रान्सफॉर्मर पुरतो.

मोटर दोन प्रकारची. स्टँड मिक्सर, ब्लेंडर, हँड मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर यांच्यात सहसा कार्बन ब्रशची युनिव्हर्सल मोटर असते. तिला फ्रिक्वेन्सीशी देणंघेणं नसतं, योग्य व्होल्टेज मिळालं की झालं. स्टँड मिक्सर जरूर आणा. पोळीचं पीठ मळताना लोड वाढतो, म्हणून त्याला १००० व्हीए द्या. ब्लेंडरचा हिशोब १२ गुणिले १२०, म्हणजे १४४० वॅट. सुरू होताना आणि घट्ट वाटणात तो याच्याही वर जातो. त्याला २५०० ते ३००० व्हीए हवा. एवढा ट्रान्सफॉर्मर ओट्यावर ठेवण्यापेक्षा इथला ७५० वॅटचा मिक्सर घ्यावा असं माझं मत. सुकं खोबरं, तीळ, गोडा मसाला यासाठी तो ब्लेंडरपेक्षा चांगला, कारण त्याची भांडी आणि पाती कोरड्या वाटणासाठीच केलेली असतात.

दुसरी इंडक्शन मोटर: पंखा, फ्रिज, वॉशिंग मशीन, डीह्युमिडिफायर. तिचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो, ५० हर्ट्झवर तो ६० हर्ट्झच्या ८३ टक्के होतो. वेग कमी झाला हे एक वेळ चालेल. खरं नुकसान वेगळंच होतं. गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या गुणोत्तरावर असतं. ६० हर्ट्झला १२० व्होल्ट म्हणजे २. ५० हर्ट्झला १२० व्होल्ट म्हणजे २.४. गाभा संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, वाइंडिंग रिकाम्या लोडवरही जास्त करंट ओढतं, घूं आवाज येतो आणि इन्सुलेशन भाजून निघतं. बिघाड पहिल्या दिवशी दिसत नाही, उन्हाळ्यात दिसतो.

मायक्रोवेव्हचं दुखणं हेच. साध्या मायक्रोवेव्हमधला हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर ६० हर्ट्झ धरून जुळवलेले असतात. ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मर तापतो आणि अन्न मात्र कमी तापतं. शिवाय मेन्सच्या फ्रिक्वेन्सीवर वेळ मोजणारं घड्याळ तासाला १० मिनिटं मागे पडतं आणि टायमरही त्याच हिशोबाने लांबतो. मायक्रोवेव्ह विकून या.

तापकीर गल्ली

वरचा प्रतिसाद नीट आहे. मी ट्रान्सफॉर्मरबद्दल आणि त्या वेगळ्या लाइनबद्दल लिहितो.

वेगळी लाइन ओढू नका. ५ केव्हीएचा (५००० व्हीएचा) ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाही वीज खातो. फक्त ४० वॅट धरले तरी ४० गुणिले २४ गुणिले ३० म्हणजे महिन्याला जवळजवळ २९ युनिट नुसती गुणगुण ऐकण्याची. त्यापेक्षा दोन लहान ट्रान्सफॉर्मर घ्या, उपकरणाशेजारी ठेवा आणि काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करा.

दुसरा धोका मोठा. आपल्याकडच्या युनिव्हर्सल सॉकेटमध्ये चपट्या पिना बसतात. आज तुम्ही लक्ष ठेवाल, पण पाहुणे किंवा स्वयंपाकाच्या मावशी ट्रान्सफॉर्मरमधून पिन काढून भिंतीत लावतील. म्हणून ओट्याजवळची युनिव्हर्सल सॉकेटं काढून फक्त गोल भोकांची ६ आणि १६ अँपिअरची बसवून घ्या. मग १२० व्होल्टची पिन भिंतीत जाऊच शकत नाही. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम आहे.

खरेदी करताना हे गुणोत्तर लक्षात ठेवा: २३०:११५. बाजारात २२०:११० आणि २२०:१२० असे दोन्ही मिळतात. २२०:१२० टाळा. पुण्यात रात्री उशिरा लाइन २४५ पर्यंत जाते, तेव्हा त्यातून १३३ व्होल्ट निघतील. दोनास एक गुणोत्तर असलं की २४५ला १२२ मिळतात आणि २३०ला ११५. अमेरिकन उपकरण दोन्हीला खूश असतं. गावी व्होल्टेज १८० पर्यंत पडत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या आधी स्टॅबिलायझर हवा, कारण ट्रान्सफॉर्मर स्वतः काही सावरत नाही.

ऑटो ट्रान्सफॉर्मर की दोन वाइंडिंगचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर? दोनास एक गुणोत्तरात ऑटोचा गाभा साधारण निम्म्या आकाराचा लागतो, म्हणून तो हलका आणि स्वस्त. मिक्सर आणि कुकरला ऑटो चालतो. मात्र त्यात एक वायर इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे सामाईक असते. ती न्यूट्रलवरच असायला हवी. दोन पिनांचा टॉप उलटा लागला की ती सामाईक वायर फेजवर जाते आणि उपकरणाचा 'न्यूट्रल' जमिनीच्या मानाने २३० व्होल्टवर बसतो. उपकरण नेहमीसारखं चालतं, कळत काहीच नाही. म्हणून ऑटोला तीन पिनांचाच टॉप हवा आणि अर्थिंगची वायर आउटपुट सॉकेटपर्यंत आलेली हवी. स्टँड मिक्सरची बॉडी धातूची असते, त्याची तिसरी पिन कधीही कापू नका.

तापकीर गल्लीत किंवा मुंबईला लोहार चाळीत मागणीप्रमाणे वाइंडिंग करून देतात. 'कॉपर वाइंडिंग, कंटिन्युअस रेटिंग' असं बिलावर लिहून घ्या. डब्यावर छापलेला आकडा पुष्कळदा क्षणिक लोडचा असतो. वजन उचलून पाहा: १५०० व्हीएचा ऑटो एका हाताने सहज उचलला गेला तर शंका घ्या. आउटपुटला १२० व्होल्टच्या बाजूचा फ्यूज किंवा एमसीबी हवा, १५०० व्हीएला १२ ते १३ अँपिअरच्या आसपास. घरातला एमसीबी बी प्रकारचा असेल तर मोठा ट्रान्सफॉर्मर चालू करताना, विशेषतः टोरॉइडल (कड्यासारख्या गोल गाभ्याचा) असेल तर, तो विनाकारण पडेल. त्या सर्किटला सी प्रकारचा बसवा.

आणखी दोन गोष्टी. प्रवासासाठी म्हणून तळहाताएवढा, 'दीड हजार वॅट' लिहिलेला कन्व्हर्टर मिळतो. तो ट्रान्सफॉर्मर नसतो. आत थायरिस्टर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो आणि तो लाटेचा तुकडा कापतो. २३० व्होल्टच्या लाटेची शिखरं तशीच आत जाऊ शकतात. साध्या हीटरला पाच मिनिटं ठीक, पण कंट्रोल बोर्ड किंवा मोटर असलेली वस्तू त्याला लावली की गेली. आणि घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर हा ट्रान्सफॉर्मर ठेवू नका. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मर आणि मोटर दोन्ही तापतात. साइन वेव्हचा असला तरी १००० वॅटचा कुकर बॅटरी तासाभरात संपवेल.

रानवाट

विजेचं वर आलं आहे. तुमच्या यादीतला निम्मा प्रश्न रेडिओ लहरींचा आहे आणि तिथे कुठलाच ट्रान्सफॉर्मर कामाचा नाही.

कॉर्डलेस फोन तिथेच सोडा. अमेरिकेतला डेक्ट पद्धतीचा कॉर्डलेस फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतो. भारतात ही पट्टी मोबाइल कंपन्यांची आहे: २१०० बँडमध्ये हँडसेटकडून टॉवरकडे जाणारा सिग्नल १९२० ते १९८० मध्ये असतो. तुमचा फोन घरात उत्तम चालेल आणि आजूबाजूच्या इमारतींचं मोबाइल नेटवर्क मात्र बिघडवेल. टॉवरवर गोंगाट दिसला की कंपन्या त्याचा माग काढतात, आणि ही लहर वापरणं बेकायदा आहे. बेबी मॉनिटरचंही लेबल बघा. १.९ गिगाहर्ट्झ किंवा ९०० मेगाहर्ट्झ असेल तर आणू नका, ९०२ ते ९२८ ही अमेरिकेतली मोकळी पट्टी इथल्या ९०० बँडमध्ये घुसते. २.४ गिगाहर्ट्झचा किंवा वायफायचा असेल तर आणा.

झेड-वेव्ह अमेरिकेत ९०८.४ मेगाहर्ट्झवर चालतं, भारतात ८६५.२वर. अमेरिकन हब आणि भारतीय सेन्सर एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. शिवाय तिथले भिंतीतले स्विच १२० व्होल्टचे आणि तिथल्या उभ्या खोक्यांच्या मापाचे, इथल्या मॉड्युलर प्लेटमध्ये बसत नाहीत. झिग्बी या दुसऱ्या रेडिओ पद्धतीचे बॅटरीवरचे सेन्सर असतील तर ते आणा, ते २.४ गिगाहर्ट्झवर असल्याने सगळीकडे तेच.

वायफायमध्ये एक छोटी अडचण हमखास येते. भारतात २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल १२ आणि १३ वापरता येतात. अमेरिकेत विकलेली बरीच उपकरणं ११ च्या पुढे बघतच नाहीत. इथल्या राउटरने आपोआप १३ निवडला की प्रिंटर किंवा टीव्हीची स्टिक 'नेटवर्क दिसत नाही' म्हणते आणि मोबाइल मात्र चालतो. राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ कायमचा ठरवून टाका.

टीव्ही. आधी मागचं लेबल. १००-२४० असेल तर पुढचं वाचा, फक्त १२० असेल तर ५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर त्याच्यामागे कायम ठेवावा लागेल आणि मग नवा घेतलेला बरा. ट्यूनरची चिंता नको. अमेरिकेतला ट्यूनर इथे उपयोगाचा नाही, पण केबल किंवा डिशचं चित्र बॉक्समधून एचडीएमआयनेच येतं. अडचण येते ती ५० हर्ट्झची. इथले बॉक्स बहुधा १०८०आय ५० हर्ट्झ देतात आणि अमेरिकन बाजारासाठीचे काही टीव्ही ५० हर्ट्झ घेत नाहीत. काळा पडदा किंवा 'मोड चालत नाही' असा संदेश येतो. हे तिथेच तपासता येईल. लॅपटॉप एचडीएमआयने जोडा, डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये रिफ्रेश रेटची यादी उघडा. यादीत ५० हर्ट्झ असेल तर तो निवडून चित्र येतं का बघा. नसेल तर त्या टीव्हीवर फक्त स्ट्रीमिंग स्टिक बघायची असंच धरून चाला.

मोबाइल: कॅरिअर लॉक (फोन एकाच मोबाइल कंपनीला बांधणारं कुलूप) तिथे असतानाच काढून घ्या, इथून ते काम फार अवघड जातं. आयफोन १४ आणि पुढचे, अमेरिकेत विकलेले, यांना सिमची खाचच नाही. जिओ, एअरटेल, व्हीआय तिघेही ई-सिम देतात. बँड ३, ५, ८, ४०, ४१ आणि ५जीसाठी एन७८, एन२८ आहेत का ते मॉडेल क्रमांकावरून बघा. तिथल्या काही स्वस्त कॅरिअर फोनमध्ये ४० नसतो आणि जिओचा बराच भार त्यावर आहे. जिओवर कॉल व्हीओएलटीईने, म्हणजे ४जीच्या डेटावरूनच होतात, तेव्हा फोन भारतीय नेटवर्कवर ते चालू करू देतो का, हेही पाहा.

जाता जाता: घरात जुना डिजिटल रेडिओ असेल तर तो ९३.५, ९८.३ अशी विषम दशांशाची स्टेशनंच पकडेल. पुण्याचं विविध भारती १०१.० आहे, ते १००.९ किंवा १०१.१वर खरखरत ऐकावं लागेल. मध्यम लहरींवर तिथे १० किलोहर्ट्झची पायरी, इथे ९ची, म्हणून ७९२वरचं पुणे केंद्रही नेमकं लागत नाही. काही रेडिओत मागे ९/१०चा स्विच असतो, तो शोधा.

एडिसनकर

सर्वांचे मनापासून आभार. मायक्रोवेव्ह, टोस्टर, ब्लेंडर, कॉर्डलेस फोन, पट्ट्या आणि स्मार्ट स्विच यादीतून काढले. टीव्हीच्या लेबलवर १००-२४० आहे, ५० हर्ट्झ तपासतो. दोन शंका उरल्या. रेकॉर्ड प्लेअरवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ८ वॅट असं आहे, तो ट्रान्सफॉर्मरवर चालेल का? आणि नवा ट्रान्सफॉर्मर आणल्यावर मिक्सर लावण्याआधी तो कसा तपासायचा?

वाइंडिंग

रेकॉर्ड प्लेअरची तबकडी काढून मोटर बघा. अडॉप्टरवर चालणारी डीसी मोटर असेल तर काळजी नाही, अडॉप्टर बदला. लेबलवरून तुमची एसी सिंक्रोनस मोटर वाटते, म्हणजे विजेच्या फ्रिक्वेन्सीशी वेग बांधलेली. ती ५० हर्ट्झवर ३३ १/३च्या जागी २७.८ फेरे देईल आणि गाणं खालच्या पट्टीत, रेंगाळत वाजेल. तबकडी बेल्टने फिरणारा प्लेअर असेल तर त्याच कंपनीची ५० हर्ट्झची पुली मिळते का बघा. ती १.२ पट व्यासाची असते आणि वेग बरोबर येतो. अशा मोटरला ११५ ऐवजी १०० व्होल्ट द्या, म्हणजे १०० भागिले ५० पुन्हा २ येतात आणि मोटर तापत नाही. वाइंडिंग करून घेणारच असाल तर आउटपुटला ११५ आणि १०० असे दोन टॅप (वाइंडिंगमधून काढलेली वेगवेगळ्या व्होल्टेजची टोकं) मागा. ज्या लहान इंडक्शन मोटरला थोडा कमी वेग चालतो तिलाही हाच १०० व्होल्टचा टॅप वापरायचा.

तपासणी मल्टिमीटरने. आधी वीज न लावता: इनपुट टॉपच्या जाड पिनेपासून आउटपुट सॉकेटच्या अर्थच्या भोकापर्यंत रेझिस्टन्स मोजा. १ ओहमच्या आत हवा. काहीच दाखवत नसेल तर अर्थिंग जोडलेलंच नाही, परत करा. मग ट्रान्सफॉर्मर भिंतीत लावून मीटर एसी ६०० किंवा ७५० व्होल्टवर ठेवा. भिंतीतलं आणि आउटपुटचं व्होल्टेज लागोपाठ मोजा, निम्मं यायला हवं. आता अमेरिकन सॉकेटमधलं रुंद भोक, म्हणजे अर्थचं भोक खाली धरल्यावर डावीकडचं, आणि अर्थ यांच्यात मोजा. ऑटोमध्ये तिथे एक-दोन, फार तर चार-पाच व्होल्ट दिसावेत. २३० दिसले तर फेज आणि न्यूट्रल उलटे आहेत. भिंतीतलं सॉकेट तपासा: समोरून पाहताना अर्थ वर, फेज उजवीकडे. तिथे बरोबर असेल तर टॉप उलटा जोडलाय. अरुंद भोकावर मात्र दोन्ही वेळी ११५च दिसतात, म्हणून तेवढं बघून थांबू नका.

शेवटी लोड. कुकरमध्ये दोन लिटर पाणी घालून उकळायला लावा आणि चालू असताना आउटपुट मोजा. रिकाम्या व्होल्टेजपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त पडलं तर तार बारीक आहे. अर्ध्या तासाने डब्यावर हात ठेवा. कोमट ते गरम ठीक. हात ठेववत नसेल किंवा वार्निशचा उग्र वास वाढतच गेला तर रेटिंग खोटं आहे.

ह्यूस्टन_कट्टा

याच धाग्यात उलट दिशेचं विचारतो. इथे अमेरिकेत भारतातला ७५० वॅटचा मिक्सर आणि टेबलटॉप वेट ग्राइंडर वापरायचे तर स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावावा का? की ड्रायरच्या २४० व्होल्टच्या पॉइंटवरून वायर घ्यावी?

तापकीर गल्ली

मिक्सरला स्टेप-अप चालतो, १५०० व्हीए घ्या. ब्रशची मोटर आहे, ६० हर्ट्झचा त्रास नाही. ७५० वॅटला तुमच्या १२० व्होल्टच्या बाजूने साडेसहा अँपिअरच्या आसपास जातात. त्याच सर्किटवर टोस्टर चालू असेल तर ब्रेकर पडू शकतो.

वेट ग्राइंडरला इंडक्शन मोटर असते. ६० हर्ट्झवर दगड २० टक्के जोरात फिरेल, पण व्होल्टेज तेवढंच राहिल्याने मोटरची ताकद उतरेल. भिजवलेल्या उडदाच्या पूर्ण घाण्याला ती सुरू होताना अडखळते आणि तशीच अडून राहिली तर जळते. भारतीय कंपन्यांची ११० व्होल्ट, ६० हर्ट्झची मॉडेल्स तिथे मिळतात, ग्राइंडर तोच घ्या.

ड्रायरच्या पॉइंटवरून वायर घेऊ नका. तिथे ३० अँपिअरचा ब्रेकर असतो, मिक्सरची बारीक वायर वितळली तरी तो पडणार नाही. शिवाय अमेरिकेतले २४० व्होल्ट म्हणजे दोन फेज, जमिनीच्या मानाने प्रत्येकी १२०. भारतीय मिक्सरचा स्विच एकच वायर तोडतो. बटण बंद असलं तरी दुसऱ्या वायरमधून मोटरच्या वाइंडिंगपर्यंत १२० व्होल्ट कायम पोचलेले राहतात, त्यामुळे तिथे मिक्सर उघडण्याआधी किंवा धुण्याआधी पिन काढायलाच हवी.